वांग्याची पाठ

सिंगापूर, रविवार, १२ जानेवारी २०२५

प्रिय बाबा,

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, आणि व्हॉट्सॲपवर मी दोन ओळी टाकल्या की तुम्ही ‘तार मिळाली’ असं उत्तर देऊन माझी फिरकी घेता. म्हणून आज बसून पत्र लिहितेय. काम आहे, हे आधीच कबूल करते.

आमच्या ऑफिसचे दरवर्षी बेसबॉलचे सामने होतात. मोठा साहेब अमेरिकन. तो ज्या गावचा, तिथे म्हणे सामना अर्ध्यावर आला की माणसं सॉसेजचे भलेमोठे पोशाख चढवून मैदानात पळतात, आणि लोक मूळ खेळ विसरून त्यांच्याच नावाने ओरडतात. तिकडे गावागणिक मैदानावरचं खाणं वेगळं आणि ही सोंगंही वेगळी. ते वेड त्याने इथे आणलं. प्रत्येक संघाने आपल्याकडच्या एका पदार्थाचं सोंग पळवायचं, आणि जे पळवलं तेच स्टॉलवर रांधून सगळ्यांना वाढायचं. जो जिंकेल त्याच्या स्टॉलवर पहिली रांग, हरेल त्याच्या स्टॉलवर शेवटची. सिंगापूरवाल्यांचा चिकन राइस आहे, मलेशियाच्या ऑफिसचा ड्युरियन (फणसासारखं काटेरी फळ, वास असा की इथल्या ट्रेनमध्ये न्यायला बंदी आहे), आणि साहेबाचं सॉसेज.

आमच्या भारताच्या संघात महिनाभर डोसा की सामोसा यावर भांडणं झाली. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या आणि निघाली नेमकी माझी: कृष्णाकाठचं भरलं वांगं. मी ते गमतीत लिहिलं होतं. मग सोंग कोण करणार असा प्रश्न आला आणि मी ‘मिरजेहून करून आणते’ असं बोलून बसले.

कराल का? सामना १५ फेब्रुवारीला आहे. आत आमच्या टीममधला अभय असेल, नागपूरचा इंजिनिअर, पाच फूट दहा इंच, अंगाने सडपातळ. गार्गी विचारतेय, आजोबांना वांगं जमेल का?

तुमची,
रश्मी


मिरज, १४ जानेवारी

चि. रश्मी,

आशीर्वाद आहेतच, दरवेळी लिहून शाई घालवत नाही. कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतोय. अक्षर लागलं नाही तर बोटांनी मोठं करून बघ.

गार्गीला सांग, तुझ्या आजोबांनी मारुती केला, वाघ केला, ऐरावताचा पुढचा भाग आणि मागचा भाग वेगवेगळा केला, एका बालनाट्यात रुसलेला चंद्र केला. नाटकवाल्यांना भाड्याने कपडे देण्यात चाळीस वर्षं गेली, पण वांगं आजवर कुणी मागितलं नव्हतं, एवढंच. आता तर शाळांच्या गॅदरिंगपुरती कपाटं उघडतो. तुझं पत्र वाचलं आणि लगेच खाली दुकानात जाऊन जांभळं सॅटिन काढून ठेवलं. या वयात असं काम येणं म्हणजे सणच. आज तशी संक्रांतही आहे.

आता नीट सांग. हा अभय किती पळणार? पाय गुडघ्यापासून मोकळे ठेवतो. हात बाहेर हवेत की आत? उजेड दिवसाचा की दिव्यांचा? जांभळा रंग दिव्याखाली काळा पडतो म्हणून विचारतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रेक्षक कुठे बसतात? हे विचारल्याशिवाय मी कधी कापडाला कात्री लावलेली नाही.

तुझी आई असती तर तिने आधी मसाल्याचं विचारलं असतं. दाण्याचं कूट आणि तीळ दाखवणार आहे.

बाबा


सिंगापूर, १७ जानेवारी

प्रिय बाबा,

घाईत लिहितेय. जुरोंग ईस्टहून ट्रेनने ऑफिसला जायला तास लागतो, तेवढाच वेळ मोकळा मिळतो, आणि आज चक्क बसायला जागा मिळालीय.

पळायचं साधारण शंभर पावलं. हात बाहेर. सामना दुपारचा, लख्ख ऊन. प्रेक्षक समोरच असतात हो बाबा, सगळे समोर, नाटकासारखे. तुम्ही त्यात फार डोकं घालू नका, हे तुमच्या संगीत नाटकाएवढं गंभीर नाही. चांगलं दिसलं म्हणजे झालं.

हो, पण दिसायला हवं चांगलं, कारण नीलिमाताई येणार आहेत. आमच्या विभागाच्या प्रमुख, पुण्याच्या, इथे बुकित तिमाहच्या श्रीमंत वस्तीत राहतात. नाटकाचं भारी वेड. तुम्ही नाटकात होतात हे मी त्यांना मागेच सांगितलंय. त्या म्हणतात, तुझे बाबा सिंगापूरला आले की इथल्या मराठी मंडळात त्यांचा कार्यक्रम ठेवू.

रश्मी


मिरज, ३ फेब्रुवारी

चि. रश्मी,

वांगं आज कुरिअरने निघालं. जाताना पुन्हा एकदा अंगावर चढवून आरशात पाहिलं. बहात्तराव्या वर्षी माणसाने आरशात वांगं होऊन उभं राहावं की नाही, ते तूच ठरव.

डोक्यावर हिरवं देठ आहे, आत तार आहे, वाकडं झालं तर हाताने सरळ करता येतं. पोटाला चार चिरा देऊन आत मसाला दाखवलाय. कूट खरंखुरं वाटावं म्हणून स्पंज कुस्करून खाकी रंगवला, तिळाला पांढऱ्या टिकल्या लावल्या. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही चमचमीत दिसेल. अंगाला वेताच्या पट्ट्या आहेत, म्हणजे पळताना चपटं होणार नाही. पाठ आपली नेहमीसारखी, मांजरपाट आणि नाड्या. पटकन चढतं, पटकन उतरतं, आणि वारा लागतो. पाठीवर शिक्का मारलाय. शिक्क्याशिवाय कपडा दुकानाबाहेर जात नाही, आणि तुझ्यासाठीसुद्धा नियम मोडला नाही. तेव्हा परत आणून द्यायचं लक्षात ठेव.

नीलिमाताईंच्या कार्यक्रमात मी काय करायचं, ते मात्र कळलं नाही. नऊवारी नेसवून दाखवू का?

बाबा


सिंगापूर, १६ फेब्रुवारी

प्रिय बाबा,

काल सगळं मस्त झालं. अभय छान पळाला, आपलं वांगं तिसरं आलं. ड्युरियनवाला स्वतःचेच काटे पायात येऊन आपटला, म्हणून तिसरं, नाहीतर शेवटचं. वांगी-भाकरी सगळी संपली. तुमच्या जावयाने, सारंगने, भाकऱ्या थापल्या असं मी सगळ्यांना सांगितलं, पण अर्ध्या विकतच्या होत्या.

सगळे विचारत होते, हे केलं कुणी? मी सांगितलं, माझ्या बाबांनी. नीलिमाताईंना तर फार आवडलं. तुम्हाला नमस्कार सांगितलाय त्यांनी.

ऑफिसात आता खूप काम आहे, त्यामुळे पुढचं पत्र जरा उशिरा लिहीन.

रश्मी


मिरज, १९ फेब्रुवारी

चि. रश्मी,

पत्र मिळालं.

गार्गीने शर्यतीचं चित्रण मला १५ तारखेलाच पाठवलं होतं, ते तुझ्या पत्राच्या आधी पोहोचलं. त्यामुळे तुझं पत्र वाचताना जरा अडखळायला झालं. चित्रणातला आवाज माझ्या उपयोगाचा नाही. पण विंगेत उभं राहून नटाचा शेवटचा शब्द पडला की पुढचा कपडा तयार ठेवायचा, असं आयुष्य काढलं, आणि कान गेल्यापासून तर मी ओठांवरच जगतो. हे तू विसरली असशील. गार्गीला रागावू नकोस. तिने आजोबांचं वांगं आजोबांना दाखवलं, त्यात तिचं काय चुकलं?

पाठ उघडी राहिली ही माझी चूक. मैदानात माणूस पाठमोरा पळतो, हे मला सुचायला हवं होतं. नाटकात नट प्रेक्षकांना पाठ दाखवत नाही, म्हणून आम्ही पाठीवर चांगलं कापड कधी घातलंच नाही. सवयीने हात तसाच चालला. तो अभय नाड्या धरून पळत होता आणि मागून त्याची निळी चड्डी दिसत होती, ते पाहून मला इथे बसून घाम फुटला. पोराला चारचौघांत ओशाळं केलं मी. त्याला माझ्यातर्फे सॉरी म्हण.

तुमचा पुढचा सामना एप्रिलमध्ये आहे असं गार्गी म्हणाली. पाठीचं सॅटिन कापून पाठवतोय. कडेने खुणा केल्या आहेत, त्यावरून साधा धावदोरा घातला तरी बसेल. शिक्का त्याच्याखाली पूर्ण झाकला जाईल. मुद्दाम तेवढ्या मापाचं घेतलंय.

बाबा


मिरज, ११ मार्च

चि. रश्मी,

सॅटिन पोहोचल्याचं गार्गीकडून कळलं. बरं झालं.

तुझं पत्र नाही. नसलं तरी हरकत नाही. काम असेल. तब्येत ठीक आहे एवढं तारेने कळव.

बाबा


सिंगापूर, रविवार, २३ मार्च

बाबा,

हे पत्र मी सहा वेळा सुरू केलं. प्रत्येक वेळी पहिल्या दोन ओळींत सबब यायची, म्हणून पुसलं. आता सबब न सांगता लिहिते. मला तुमची लाज वाटली. पंधरा फेब्रुवारीला चारचौघांत मी तुम्हाला ओळख दिली नाही.

तुम्हाला काय काय दिसलं आणि काय चौकटीबाहेर राहिलं, मला माहीत नाही, म्हणून सगळंच लिहिते. पार्सल मी घरी नीट उघडून पाहिलंच नाही. देठ तेवढं बाहेर काढून गार्गीच्या डोक्यावर ठेवलं आणि खोका तसाच मैदानावर नेला. अभय समोरून आला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या बाबा, खऱ्या टाळ्या. साहेब उठून उभा राहिला. मग ते सगळे रेषेवर जाऊन वळले आणि आमच्याकडे पाठ करून पळाले. गोणपाटासारखं ते कापड, लोंबणाऱ्या नाड्या, आणि मधोमध निळा शिक्का. आधी एकजण हसला, मग पूर्ण बाकं हसली. ‘भारताचं वांगं अर्धंच शिजलंय’ असं कुणीतरी इंग्रजीत ओरडलं. मी पण हसले. तिथूनच सुरुवात झाली.

शर्यत संपल्यावर अभय आमच्यापाशी येऊन पाणी पीत उभा राहिला, पाठ आमच्याकडे. नीलिमाताईंनी चष्मा लावून शिक्का मोठ्याने वाचला. ‘हेरवाडकर कपडेपट, मिरज. कपडा नेणाऱ्याने स्वतः परत आणून द्यावा.’ मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘अगं, तुझं माहेरचं आडनाव हेरवाडकर ना? हे तुझे बाबा की काय?’

मी म्हणाले, ‘नाही हो. आडनाव सारखं आहे. मिरजेतला कुणी कपडेवाला आहे, त्याच्याकडून मागवलं. अर्धवट काम करून पाठवलंन्.’

इतकं सहज बोलले. विचारही करावा लागला नाही. गार्गी फोन धरून शेजारीच होती. ती तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, ‘But Ajoba made it what, Mummy.’ मी तिला गप्प बस म्हटलं. नीलिमाताईंनी ऐकलं की नाही, माहीत नाही. त्या ताट घ्यायला गेल्या. गार्गी त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही, आणि दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला ते पत्र लिहिलं. खोटं लिहिताना मला वाईट वाटलं नाही, उलट बरं वाटलं, जणू तसं लिहिल्याने तसंच झालं असतं.

नीलिमाताईंना तुम्ही नट वाटता. मी तसं कधी सांगितलं नाही, पण ‘नाटकात होते’ म्हटल्यावर त्यांनी जे धरून चाललं ते धरू दिलं. लग्नाच्या वेळी सासरी ‘कपडे भाड्याने देतात’ न सांगता ‘नाट्यव्यवसाय’ सांगा, असं तुम्हाला सांगणारी मीच. तुम्ही मान डोलावलीत आणि तसंच सांगितलंत.

सातवीतलं गॅदरिंग आठवतं? सगळ्या वर्गाचे कपडे आपल्या दुकानातून आले होते. मी राणी होते. तुम्ही गुडघे टेकून सगळ्यांच्या नाड्या बांधत होता, आणि माझी पाळी आली तेव्हा दारात ऑफिसर कॉलनीतल्या मुली उभ्या होत्या. तुम्ही मला म्हणालात, ‘बाईसाहेब, हात वर करा.’ जणू मी कुणी परकी मुलगी. मला इतकं हायसं वाटलं, की त्या हायसं वाटण्याची आजपर्यंत शरम वाटते. ते मी कुणालाच सांगितलेलं नाही, सारंगलासुद्धा नाही.

आणि शेवटचं. तुमची पत्रं पुन्हा वाचताना माझंही १७ जानेवारीचं पत्र उघडलं. तुम्ही विचारलं होतं, प्रेक्षक कुठे बसतात. मी लिहिलंय: समोर, सगळे समोर, नाटकासारखे. मैदानात ते तिन्ही बाजूंनी बसतात हे मला चांगलं माहीत होतं. ट्रेनमध्ये बसून काहीतरी खरडून टाकलं. पाठ उघडी राहिली ती माझ्यामुळे, आणि मी जगासमोर म्हणाले की कपडेवाल्याने अर्धवट काम केलं. ते पत्र तुमच्याकडे असणार. तुम्ही एका अक्षरानेही त्याची आठवण करून दिली नाहीत. उलट माझ्याकडूनच अभयला सॉरी म्हणवलंत.

माफी मागायला तोंड नाही, म्हणून मागत नाही.

रश्मी


मिरज, २६ मार्च

चि. रश्मी,

वाचलं. दोनदा वाचलं.

गॅदरिंगचं तुला आठवतं, तसं मलाही आठवतं. ‘बाईसाहेब’ मी मुद्दाम म्हणालो होतो. दारातल्या मुली मी पाहिल्या होत्या आणि तुझा चेहराही. तू डोळ्यांनी विनवत होतीस, आणि नटाला काय हवं ते न बोलता ओळखून हातात देणं हाच माझा धंदा. तेव्हा वाटलं, पोरीची सोय केली. घरी येऊन तुझ्या आईला सांगितलं तर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. म्हणाली, बापच परका झाल्यावर पोरीने काय करायचं? तिचं बरोबर होतं असं आता वाटतं. लग्नाच्या वेळी मान डोलावली, तीही सोयच. तुला लाज वाटायची सवय लागली त्यात माझाही हात आहे, आणि त्याची मला शरम वाटते. एवढं सगळं तू एकटीने डोक्यावर घेऊ नकोस.

तुझं १७ तारखेचं पत्र इथे आहे. पण मी चाळीस वर्षं कपडे केले आणि तू शून्य वर्षं. पुन्हा विचारायचं काम माझं होतं.

शिक्क्यावर सॅटिन शिवून टाक. खरंच सांगतो, टोमणा नाही. तुला तिथे रोज तोंड दाखवायचं आहे.

बाबा


सिंगापूर, रविवार, १३ एप्रिल

प्रिय बाबा,

काल दुसरा सामना झाला. या वेळी वांग्यात मी होते.

अभयने फेब्रुवारीनंतर ‘तुम्ही म्हणाल ते करीन, पण ते नाही’ असं हात जोडून सांगितलं होतं. तुमचं सॉरी त्याला पोचवलं, तेव्हा तोच ओशाळला. म्हणाला, काकांनी कशाला सॉरी म्हणायचं? पट्ट्या मला सैल झाल्या, चेहऱ्यासाठी ठेवलेलं भोक हनुवटीखाली आलं, म्हणून सारंगने खांद्याला आतून उशीचे दोन तुकडे लावले. सॅटिन मी हाताने शिवलं, तुमच्या खुणांवरून. धावदोरा वाकडा आलाय, तुम्ही बघालच. शिक्का झाकला नाही. त्याच्याभोवतीचं सॅटिन कापून कड दुमडली, म्हणजे आता भर जांभळ्या पाठीवर शिक्का चौकटीत बसवल्यासारखा दिसतो. कात्री लावायच्या आधी दोनदा मोजलं. तुम्ही मुद्दाम झाकायच्या मापाचं पाठवलेलं कापड होतं ना ते.

मी शेवटची आले. चिकन राइस जिंकला. वांग्यात इतकं उकडतं हे तुम्ही लिहिलं नव्हतंत. पळताना मागून कुणी हसलं की नाही, मला कळलं नाही, कारण आत आपलाच श्वास ऐकू येतो. बाकं पार करून वळले तेव्हा मी मुद्दाम थांबले आणि लोकांकडे पाठ करून उभी राहिले. बहुतेकांना तो शिक्का म्हणजे नक्षी वाटली असणार. वाचता येणारे आठ-दहाजण होते. त्यांच्यासाठीच उभी होते.

शेवटची आल्यामुळे आमच्या स्टॉलची रांग शेवटची. मी ते सोंग अंगात ठेवूनच वाढत होते, फक्त देठ काढलं होतं. नीलिमाताई ताट घेऊन आल्या. सकाळपासून मनात घोकलेलं सगळं विसरले आणि एवढंच म्हणाले, ‘शिक्क्यावरचे हेरवाडकर म्हणजे माझे बाबा. ते नट नव्हते, नटांना कपडे घालायचे. हे वांगं त्यांनी केलंय, आणि फेब्रुवारीत पाठ उघडी राहिली ती माझ्यामुळे. तेव्हा मी तुमच्याशी खोटं बोलले.’

मागे रांग थांबली होती. त्या म्हणाल्या, ‘मला तेव्हाच कळलं होतं. गार्गीचं बोलणं ऐकलं होतं मी.’ मग म्हणाल्या, ‘माझ्याशी खोटं बोललीस, ते जाऊ दे. पण मला तुझ्या बाबांचं वाईट वाटलं होतं.’ आणि ताट पुढे केलं. मी वांगं वाढलं. दोन महिने त्यांना माहीत होतं बाबा, आणि रोज त्या माझ्यासमोर बसून मीटिंगमध्ये बोलत होत्या.

वाटलं होतं, सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. गार्गी मात्र मैदानावरच सोंगाला मिठी मारून म्हणाली, ‘Finally lah, Mummy.’ दहा वर्षांच्या मुलीकडून ‘एकदाचं’ असं ऐकून घ्यावं लागलं.

जूनमध्ये शाळेला सुट्टी लागते. तिकिटं काढली आहेत, सात तारखेला मिरजेत पोहोचतो. शिक्क्यावर लिहिलंय, कपडा नेणाऱ्याने स्वतः परत आणून द्यावा. म्हणून वांगं कुरिअरने पाठवत नाही, घेऊन येतेय.

तुमच्यासमोर कशी उभी राहू, ते अजून कळलेलं नाही.

रश्मी


मिरज, १६ एप्रिल

चि. रश्मी,

गार्गीने शनिवारच्या शर्यतीचं चित्रण पाठवलं, तुझ्या पत्राच्या आधीच. तिची टपालसेवा तुझ्यापेक्षा चांगली आहे. तू तिरकी पळतेस. कापलेल्या चौकटीचा उजवा कोपरा उसवतोय, आल्यावर मी नीट करून देईन. धावदोऱ्याबद्दल काही बोलत नाही.

एक गोष्ट फेब्रुवारीत लिहिली नव्हती, ती आता लिहितो. ओठ वाचणाऱ्याला काही शब्द अवघड जातात आणि काही फार सोपे असतात. ‘बाबा’ सगळ्यात सोपा. ओठ दोनदा मिटतात, दोनदा उघडतात, लांबूनसुद्धा ओळखू येतो. ते पहिलं चित्रण मी चार वेळा पाहिलं ते तेवढ्यासाठी. नीलिमाताईंच्या ओठांवर तो दिसला. तुझ्या ओठांवर मी शोधत राहिलो. आता दुसऱ्या चित्रणात तू ताटात वाढताना बोलतेस तिथे गार्गीचा हात हलला आहे, मधेच कुणाचं तरी डोकं येतं, पण ओठ दोनदा मिटलेले मला दिसले. तिथे मी ते थांबवून ठेवलं आणि बराच वेळ तसंच बघत बसलो.

कशी उभी राहू म्हणतेस. सात तारखेला दुकान उघडं ठेवतो. दारातून हाक मारू नकोस, मला ऐकू येणार नाही. आत ये, समोर उभी राहा, आणि तो शब्द म्हण. चारचौघं असली तर आणखी बरं.

बाबा